मांघर : सातेरीची पेटी जवळून पाहताना

महाबळेश्वरला जाणारे बहुतेक लोक मधाची बाटली घेऊन परततात. तो मध गोळा करणारी माशी, म्हणजे सातेरी ही आपली देशी मधमाशी, मात्र फार थोडे जण पाहतात. त्यासाठी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, जांभूळ फुलावर असताना, आम्ही तालुक्यातील मांघर या गावी गेलो. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या उपक्रमातून २०२२ मध्ये हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. पण इथल्या घरांमागे मधपेट्या त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

आदल्या दिवशी फोन करून ठेवल्यामुळे मधपाळ सकाळी नऊच्या सुमारास आमची वाटच पाहत होते. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. दाराशी चार-पाच माश्या तोंड बाहेर करून जागच्या जागी पंख हलवत होत्या. सातेरी अशा रीतीने पेटीत हवा खेळवते, तर परदेशी मेलिफेरा हेच काम दाराकडे तोंड करून करते. मधपाळांनी धुराडे पेटवून दोन-तीन हलके फुंकर मारले आणि थोडे थांबले. धुरामुळे माश्या पोटात मध भरून घेतात आणि धोक्याचा गंध एकमेकींपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून त्या शांत राहतात, असे त्यांनी समजावून सांगितले.

पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्या वाढतात त्या खालच्या कोठीतील पोळ्याची चौकट त्यांनी उन्हाकडे तिरपी धरली, तेव्हा पोळ्यातील घरांच्या तळाशी उभी असलेली, दोऱ्याच्या तुकड्याएवढी पांढरी अंडी दिसली. शेजारी वळून पडलेल्या अळ्या होत्या, आणि कडेला झाकणाच्या मध्यावर बारीक छिद्र असलेली नरांची घरे. ते छिद्र हीच सातेरीची खूण. राणी शोधायला मात्र बराच वेळ गेला. लांबट, काळसर पोटाची ती माशी एका घरात डोकावून पुढे सरकली आणि भोवतालच्या कामकरी माश्यांनी तिच्याकडे तोंडे वळवली, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने श्वास रोखून धरला होता. ती चौकट मधपाळांनी लगेच पेटीत परत ठेवली, कारण पिलावा फार वेळ उघडा राहिला तर त्याला गारठा किंवा ऊन लागते, आणि वारंवार छेडलेली सातेरी पेटी सोडून निघून जाते. ‘आणखी एकदा दाखवा’ असा आग्रह कोणीही धरू नये, हे मी मनापासून सांगतो.

मध फक्त वरच्या कोठीतून काढतात. मेणाने बंद झालेल्या घरांची झाकणे गरम सुरीने कापून चौकटी मधयंत्रात फिरवल्या, की पोळे न मोडता मध बाहेर येतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत मिळते. पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्यांचा रस आणि परागकण मिसळतात. म्हणून विकत घेताना मध कसा काढला, हे जरूर विचारावे. थंडीत मध गोठला, तरी त्यावरून तो भेसळीचा आहे असे समजू नये.

जाणाऱ्यांनी फिकट रंगाचे, अंगभर सुती कपडे घालावेत. काळे किंवा लोकरीचे टाळावेत. अत्तर लावू नये आणि पेटीजवळ जाण्याआधी केळे खाऊ नये, कारण माशीच्या धोक्याच्या गंधातील मुख्य द्रव्य केळ्याच्या वासाशी मिळतेजुळते असते. पेटीच्या दारासमोर उभे न राहता बाजूला किंवा मागे उभे राहावे. माझ्या बहिणीच्या मनगटाला डंख बसला, तेव्हा मधपाळांनी हाताने मारू न देता नखाने काटा लगेच खरवडून काढला. तो जितका उशिरा निघेल तितके अधिक विष शरीरात जाते. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला असेल, त्यांनी पेटीपासून लांबच राहावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये.

पावसाळ्यात जाऊ नये. मुसळधार पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही, मधपाळ त्यांना साखरेच्या पाकावर जगवतात, आणि त्या दिवसांत पेटी उघडणे त्यांना परवडत नाही.