चार वर्षांची जान आणि तिचे दोन काका

आज दुपारभर फ्रान्सच्या कापे घराण्याची वंशावळ काढून बसले होते, सुट्टीच्या दिवशी हे काय उद्योग म्हणून घरात हसतात, हसू देत. ९८७ मध्ये ह्यू कापे राजा झाला आणि तिथून १३१६ पर्यंत बापामागून पोरगाच गादीवर, सव्वातीनशे वर्षं एकदाही खंड नाही. आपल्याकडच्यासारखी दत्तक घेऊन गादी चालवायची सोय तिकडे नव्हती, म्हणजे निव्वळ नशीबच. धाकट्यांना प्रांत तोडून द्यायचे, एकाला आर्त्वा, एकाला आंजू, आणि तो निपुत्रिक गेला की प्रांत परत राजाकडे, १२७१ ला तुलूझ असंच पदरात पडलं.

पण मी अडकले ते जानपाशी. राजा फिलिप चौथ्याच्या सुनांचं व्यभिचाराचं प्रकरण १३१४ ला बाहेर आलं, दोन सरदार भाऊ हाल करून मारले, थोरली सून मार्गारेट गायार किल्ल्यात डांबली, पुढच्या वर्षी तिथेच गेली. तिची मुलगी ही जान. आई बदनाम झाली म्हटल्यावर पोरगी नक्की कोणाची ही कुजबुज आलीच. १३१६ ला बाप लुई दहावा वारला, दुसरी बायको गरोदर होती, तिला मुलगा झाला तो पाच दिवसांत गेला, आणि मग चार वर्षांच्या पुतणीला बाजूला सारून काका फिलिपने रेम्सला वेशी बंद करून राज्याभिषेक उरकून घेतला!! वर पॅरिसला सभा भरवून ठरवून टाकलं की बाईला फ्रान्सची गादी मिळत नाही. सॅलिक कायद्याचं, म्हणजे बाईला वारसा नाकारणाऱ्या जुन्या फ्रँक कायद्याचं, नाव सगळे घेतात पण ते तेव्हा कोणी काढलंच नव्हतं, ती पुस्तकी सारवासारव खूप नंतरची. माझ्या मते सरळसरळ भाऊबंदकी.

आणि मग बघा, ह्या फिलिपला मागे राहिल्या फक्त मुली. १३२२ ला तो गेला तेव्हा त्याचाच नियम त्याच्या पोरींना लागला आणि धाकटा भाऊ शार्ल बसला. तोही १३२८ ला गेला, बायको गरोदर, झाली मुलगी. वाचताना मला अगदी दुष्टासारखं हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग चुलतभाऊ, व्हाल्वा शाखेचा फिलिप आला, तिकडे इंग्लंडचा राजा एडवर्ड आईकडून, म्हणजे शार्लच्या बहिणीकडून, हक्क सांगत होता, १३३७ ला शंभर वर्षांचं युद्ध पेटलं, ते सगळ्यांना माहीतच आहे.

जानचं मात्र कोणी सांगत नाही. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचं नाव्हारचं राज्य तिच्या आजीकडून आलेलं, तिथे बाईला मनाई नव्हती आणि व्हाल्वांचा तिथे काडीचा हक्क नव्हता, त्यामुळे काकांनी दाबून ठेवलेलं ते राज्य १३२८ ला तिथल्या लोकांनी तिला देऊन टाकलं, पुढच्या वर्षी पाम्प्लोनाला नवऱ्यासकट राज्याभिषेक. पुढे ते कधी मुलांकडे, कितीदा तरी मुलींकडे जात जात जान द'आल्ब्रे नावाच्या राणीकडे आलं, तिचा मुलगा हेन्री, आणि १५८९ ला व्हाल्वांचा शेवटचा राजा गेल्यावर फ्रान्सच्या गादीवर बसला तो हाच. हक्क अर्थात बापाच्या बोर्बाँ शाखेवरून धरला, म्हणजे ज्या रॉबर्टला तरुणपणी घोड्यावरच्या भाल्यांच्या स्पर्धेत डोक्याला मार लागून कायमचं अपंगत्व आलं होतं त्या धाकट्या राजपुत्राच्या वंशातला म्हणून. हे चाललं, फक्त बाई नको.