पांढऱ्या फांदीचं बी लावू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गोव्यात म्हार्दोळला माझी छोटी नर्सरी आहे, बॉटनी शिकलेय हे गावात माहीत आहे, त्यामुळे लोक पान हातात घेऊनच येतात, आणि दर पावसाळ्यात कोणीतरी हेच विचारतं की गुलबक्षीला पांढरी फांदी आलीय, हा रोग का, आणि हिचं बी लावलं तर अशीच रोपं येतील का. ह्या खेपेला शेजारच्या वैनी पेपरात गुंडाळून फांदीच घेऊन आल्या. एक पान निम्मं हिरवं निम्मं पांढरं, मधे सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ, आणि पांढरा भाग उजेडात धरला की पलीकडचं बोट दिसत होतं.

रोग नाही हो वैनी. भेंडीच्या पानावर पिवळी जाळी येते ती व्हायरसची, ती पांढऱ्या माशीने पसरते. हे तसलं नाही.

पानाच्या पेशीत क्लोरोप्लास्ट असतात, शाळेत आपण हरितलवक म्हणायचो ते, आणि त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो कारण फार पूर्वी ते स्वतंत्र जगणारे जिवाणू होते. आता त्यांच्याकडे शंभर-सव्वाशे जीन्सच, म्हणजे जनुकंच, उरलीत, बाकीची एकतर गेली नाहीतर पेशीच्या केंद्रकात जाऊन बसली. भाताच्या क्लोरोप्लास्टचा डीएनए सुमारे 1,34,500 अक्षरांचा, 1989 मधे पूर्ण वाचला गेला. पण एका पेशीत त्याच्या प्रती हजारो.

आणि हे सगळं कुठे ठेवलंय तर जिथे दिवसभर ऊन पकडलं जातं तिथेच! उन्हातून जादा शक्ती आली की ऑक्सिजनचे जहाल प्रकार तयार होतात, ते डीएनएला इजा करतात. मला तर वाटतं की पांढरा पट्टा का आला ह्यापेक्षा बाकीचं सगळं पान हिरवं कसं राहिलं हाच खरा प्रश्न आहे, कारण क्लोरोप्लास्टचा डीएनए केंद्रकातल्या डीएनएपेक्षा हळू बदलतो, साधारण निम्म्या वेगाने.

हे जमतं ते प्रतींमुळे. डीएनएचा एक धागा तुटला की शेजारची चांगली प्रत समोर ठेवून तो तसाच्या तसा भरून घेतात, जुन्या पोथीचं फाटलेलं पान दुसऱ्या पोथीवरून उतरवून घ्यावं तसं. हे काम करणारी रेकए नावाची प्रोटीन्स त्या जुन्या जिवाणूंकडूनच आलेली, पण त्यांची जीन्स आता केंद्रकात आहेत. व्हर्ली नावाची प्रोटीन्स उघड्या पडलेल्या एकेरी धाग्याला चिकटून बसतात, म्हणजे चुकीची दोन टोकं एकमेकांना जोडली जात नाहीत. शिवाय बहुतेक झाडांत एक मोठा तुकडा त्याच रेणूत दोनदा, उलटसुलट असतो, आणि त्या तुकड्यात बदल आणखी कमी होतात. आपल्या आळसांद्यात, म्हणजे चवळीत, ही जोडी शाबूत आहे, वाटाण्यात आणि हरभऱ्यात त्यातला एक तुकडा गेलाय, तरी ती पिकं चांगली उभी आहेत.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण एमएसएच1 नावाचं जीन. 1973 मधे जॉर्ज रेडेई ह्या शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिस ह्या मोहरीच्या नात्यातल्या छोट्या झाडात दाखवलं की केंद्रकातलं एकच जीन बिघडलं तर पानांवर पट्टे येतात, आणि मग ते जीन पुन्हा चांगलं मिळालं तरी झालेला पट्टा जात नाही, आईकडून पुढे जातच राहतो. 2003 मधे कळलं की ते जीन एमएसएच1, आणि 2020 मधे मोजून दाखवलं की ते नसलं की क्लोरोप्लास्टमधे चुका खूप वाढतात. अंदाज असा आहे की हे प्रोटीन न जुळणारी जागा ओळखून तिथे डीएनए कापतं आणि मग चांगल्या प्रतीवरून तो भाग नव्याने भरला जातो. म्हणजे केंद्रक पाहुण्याची वही तपासत बसतं, मला हे वाचून त्या रात्री झोप लागली नव्हती.

तरी कधीतरी एखादी चूक निसटते, पेशी फुटताना वाटणीत एखादीकडे सगळे बिघडलेले क्लोरोप्लास्टच जातात, तिच्यापासून पुढचं सगळं पांढरं, आणि ती फांदी हिरव्या फांद्यांच्या जेवणावर जगते.

आता बियाचं. 1909 मधे कार्ल कोरेन्स ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे गुलबक्षीवरच पाहिलं होतं. क्लोरोप्लास्ट तिच्यात आईकडूनच येतात, म्हणून पराग कुठल्याही फांदीचा असू दे, पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरीच रोपं येतात. मी पूर्वी एकदा लावली होती, मिऱ्यासारखं काळं बी, वर आली तेव्हा मेणासारखी पांढरी दोन दलं, इतकी सुंदर की रोज सकाळी आधी त्यांच्याकडे जायचे, बियातला साठा संपला तशी आठवड्या-दीड आठवड्यात एकेक करून मऊ पडून गेली.

तर वैनी, पट्टेवाल्या फांदीचं बी घ्या, त्यात हिरवी, पांढरी, पट्ट्यांची सगळी मिसळ येईल, पट्ट्यांची तेवढी ठेवा. आणि पांढरी फांदी कापून वेगळी लावू नका, मूळ झाडावरच असू दे.