आतून रंगवा, बाहेरून राहू द्या

आमच्या घरचा जुना इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर दसऱ्याआधी रंगवायचा की नाही, यावरून गणपतीपासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. एकीत काका आणि धाकटा भाऊ, दुसरीत मी एकटा. आई जेवायला वाढताना ज्याच्या ताटाशी असते त्याच्या बाजूची.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, अंगं बघायची, ब्लो होल (हवेनं पडलेली पोकळ भोकं) शोधायचे, क्रॅक शोधायचे. रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर मारून चकाचक केलेला माल समोर आला की आधी मनात येतं, खाली काय दडवलंय? ही सवय घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही. त्यामुळं भावानं मोबाईलवर दाखवलेला कुणाचातरी 'न्यू लुक' ट्रॅक्टर बघून मला आनंद झाला नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

गाडीची कुंडली थोडक्यात सांगतो. हे मॉडेल मूळचं इंग्लंडातल्या डॉन्कास्टरच्या कारखान्यातलं. १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि तोच बी-२७५ आपल्याकडं बनायला लागला. चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास. आमच्या गाडीच्या नंबरात अजून 'एमवाय' आहे, म्हैसूर राज्याच्या काळातलं पासिंग. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना आजोबांचं नाव, खाली 'मु. पो. येळ्ळूर', सगळं कुण्या पेंटरनं ब्रशनं काढलेलं. लाल रंग उन्हानं इतका विटलाय की बॉनेटवरून हात फिरवला तर तळव्याला गुलाबी भुकटी लागते. पण अक्षरं शाबूत आहेत. पाटीवरची अक्षरं गेली की काय होतं ते आमच्या गावानं २०१४ मध्ये, 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' ही पाटी हटवली तेव्हा बघितलंय, त्यामुळं निदान या अक्षरांवर रंगाची गन मारायला मी तरी तयार नाही.

काकांचा मुद्दा मात्र असातसा नव्हता. ते म्हणाले, "बेंदराला बैलाची शिंगं दरवर्षी रंगवतोस की नाही रे? मग ह्यानंच काय पाप केलंय?"

मी म्हटलं, "शिंगं रंगवतो काका, कातडं कुठं रंगवतो?"

ते हसले, पण ऐकलं नाहीत. "तुला सगळं जुनं तसंच ठेवायचंय. गंजून पत्रा खाली पडल्यावर काय करालास?"

आणि इथं काका बरोबर होते. जुना रंग ठेवा म्हणणारी शहरातली हौशी मंडळी ट्रॅक्टर शेडमध्ये ठेवून रविवारी फडकं मारतात. आमचा बी-२७५ अजून भाताच्या चिखलणीला जातो. मोठी नांगरट आता नव्या गाडीकडं, पण बासमतीच्या लहान खाचरांत केज व्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावून हाच फिरतो. तो चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथं पत्र्यावर पट्टी जोडलेली असते त्या सांध्यात बसतो. वरून तो वाळलेला दिसतो, पण सांध्यात कितीतरी दिवस ओल धरून राहतो. त्यात मडगार्डवर युरियाची पोती टाकून न्यायची आमची जुनी खोड. खताची पूड आणि ओल एकत्र आली की पत्र्याचं काही खरं नाही. बॅटरीच्या खालच्या ट्रेचं तर बोलूच नका, ॲसिडनं तिची चाळण झालीय.

म्हणजे पत्रा खाल्ला जातो तो आतून, आणि पेंटर रंग मारतो बाहेरून.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग वेगळा. गिअर हाउसिंग, मागच्या ॲक्सलची घरं, इंजिनाचा ब्लॉक ही सगळी जाड कास्टिंग. आमच्या बेळगावात, जिथं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं आणि पुढं लोखंडी नांगराकडं वळले, तिथं बिडाबद्दल कुणी कुणाला शिकवू नये. पूर्वी कास्टिंग मशीनवर चढवायच्या आधी मुद्दाम महिनोन्महिने उघड्यावर टाकून ठेवायचे, आतला ताण निघून जावा म्हणून. वरून तांबूस व्हायची, आत ठणठणीत. तेव्हा हाउसिंगवरच्या तांबूस थराला घाबरून तिथं लांबी (पुट्टी) भरायचं कारण नाही. घाबरायचं ते पातळ पत्र्यासाठी.

आता बाहेरच्या रंगाबद्दल माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो. आमच्या भागात जुना ट्रॅक्टर रंगवतात तो बहुतेक वेळा विकायच्या आधी. मडगार्डचे पोचे लांबीनं भरायचे, धुतलं न धुतलं करायचं आणि बॉनेटपासून ड्रॉबारपर्यंत (मागं औत जोडायचा दांडा) एकच लाल. ग्रीस निपल लाल, हायड्रॉलिकचे पाइप लाल, नंबरची प्लेट लाल, रेडिएटरच्या जाळीवरही लाल, म्हणजे हवा खेळायची तीही बंद. गावातल्या एकानं अशीच एक चमकणारी गाडी बाहेरून आणली. पहिल्याच चिखलणीत मागच्या चाकाच्या सीलमधून ऑइल ओघळायला लागलं, आणि घाईनं वेल्ड केलेली क्लच हाउसिंगची भेग त्याच जागी परत उघडली. विटक्या गाडीवर ती गळती आधीच दिसली असती. ऑइल गळतं तिथं धूळ बसून काळा ओला पट्टा तयार होतो, तो महिन्याभरात लपत नाही.

म्हणून जुनी गाडी घ्यायला जाल तर खिशात एक चुंबक ठेवा. मडगार्डवर, बॉनेटच्या कोपऱ्यांवर फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं लांबी आहे. बोल्टांची डोकी बघा, पाना लागल्याच्या खुणा रंगाच्या वर आहेत की खाली. क्लचचा पेडल किती गुळगुळीत झालाय आणि ड्रॉबारच्या पिनचं भोक गोल राहिलंय की लांबट झालंय, हे मीटरपेक्षा खरं सांगतं. मीटर बदलता येतो.

रंगाचे थरसुद्धा बोलतात. फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टर १९५६ मध्ये आला तेव्हा राखाडी आणि सोनेरी होता, लाल झाला तो १९५७ च्या शेवटाला, मॅसी फर्ग्युसन या नावानं. एखाद्या लाल गाडीच्या कोपऱ्यात खरवडल्यावर राखाडी निघाला तर गाडी कधीची आहे हा प्रश्न तिथंच सुरू होतो. सगळं घासून पत्र्यापर्यंत नेलं की विचारायचं कुणाला?

शेवटी तह झाला तो असा. बॉनेट, ग्रिल आणि मडगार्डची बाहेरची बाजू, यांना गन लागणार नाही. मडगार्डची आतली बाजू, पायपाटाची खालची बाजू आणि चाकांचे रिम पूर्ण रंगणार. रिम ही शिंगं समजा, असं काकांना सांगितल्यावर ते तयार झाले. आधी डिझेलनं ग्रीस काढायचं, मग साबणाच्या पाण्यानं डिझेल काढायचं (हे दुसरं कुणी करत नाही आणि मग रंगाचे पापुद्रे निघाले की पेंटरला शिव्या), तारेचा ब्रश, सांध्यातला गंज मारायला फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, त्यावर प्रायमर, मग इनॅमल. सँड ब्लास्टिंग नको म्हटलं. पातळ पत्रा त्याच्या माऱ्यानं वाकतो आणि वाळूचा कण एकदा सीलमध्ये घुसला की तो बाहेर काढायला गाडी सोडावी लागते.

वरच्या विटक्या लालवर नुसतं मेण. भावाला क्लिअर कोट, म्हणजे वरून पारदर्शक थर, हवा होता. गंजाच्या ठिपक्यांवर क्लिअर मारला की खाली ओल अडकते, गंज चालूच राहतो आणि वरचा थर काचेसारखा सुटतो. जवसाचं तेलही लोक लावतात. ते काळपट होतं आणि आमच्या रस्त्यांची धूळ धरून ठेवतं. शिवाय त्याचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. शेडमध्ये पिंजर (भाताचा पेंढा) ठेवणाऱ्यानं त्या वाटेला जाऊच नये.

आणखी एक. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, ह्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. जिथं घासायचंय तिथं पाणी घालून घासा, तोंडाला मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा. कोरडा पॉलिश पेपर अंगणात चालवू नका.

बॉनेटवर, डिझेलच्या टाकीच्या पुढं, खंडेनवमीला लावलेल्या हळदकुंकवाचा थर आहे. तिथला लाल बाकीच्यापेक्षा गडद राहिलाय. पेंटर तो डाग बघून म्हणाला, "एवढं तरी थिनरनं काढू द्या की." आईनं पहिल्यांदाच उघडपणे माझी बाजू घेतली.

सीटचं अजून ठरलेलं नाही. भावाला फोमची हवी, कारण चिखलणीला दिवसभर त्या लोखंडी ताटावर तोच बसतो. याला माझ्याकडं उत्तर नाही. बहुतेक फोमची येईल, आणि लोखंडी सीट आतून-बाहेरून ग्रीस लावून माळ्यावर जाईल.