विसार देण्याआधी बंगल्याचा चेहरा कागदावर बदलून बघा

तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे बंगले आणि रो-हाऊस विकायला निघतात तेव्हा जागा बरेचदा चांगली असते. खोल्या ऐसपैस, पाण्याची सोय, दारापर्यंत रस्ता. तरी गिऱ्हाईक फाटकातूनच परत फिरतं, कारण समोर गोल बाल्कनी, तिच्यावर कमान, कठड्यात शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं, खांबांना बाथरूमच्या टाइल्स, आणि सगळ्यावर जिन्याची केबिन नि तिच्या डोक्यावर काळी टाकी. यातलं काय गिलाव्यावर चिकटवलेलं आहे आणि काय सळईसकट ओतलेलं आहे, एवढं विसार देण्याआधी कळायला हवं. पहिल्या प्रकारचा कुरूपपणा छिन्नीने जातो. दुसरा तसाच राहतो, नाहीतर त्याला घराच्या किमतीच्या हिशोबात धरावं लागतं.

सुरुवात फोटोपासून. रस्त्याच्या पलीकडे, भिंतीच्या बरोब्बर समोर उभं राहा, मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरा आणि दुप्पट झूम करा. जवळून मोबाइल वर करून काढलेल्या फोटोत भिंती वर निमुळत्या होत जातात आणि त्यावर आखलेलं सगळंच चुकतं. दाराशेजारी कोणाला तरी ५ फूट उघडलेला टेप उभा धरायला सांगा. तो टेप म्हणजे तुमचं माप. फोटो ए-३ आकारात छापून घ्या आणि वर ट्रेसिंग पेपर लावा. खांब, बीम, स्लॅबची कड, खिडक्या-दारं पेनने काढा, बाकी सगळं पेन्सिलने. मग दुसऱ्या ट्रेसिंगवर फक्त पेनच्या रेषा उतरवा. निम्मे बंगले इथेच सुधारतात. काही नवीन जोडायची घाई करू नका, आधी काढून टाका.

पेनने काय काढायचं ते बाहेरून कळत नाही, घरात जाऊन बघावं लागतं. कोपऱ्यात भिंतीबाहेर आलेले खांब आणि छताखाली उतरलेले बीम दिसले तर सांगाडा आरसीसीचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा. खांब कुठेच दिसत नाहीत आणि सगळ्या भिंती ९ इंची, तर घर बहुधा लोड बेअरिंग, म्हणजे सगळा भार भिंतींवरच. त्यात समोरची भिंत फोडून मोठी काच बसवायचा बेत तिथेच सोडून द्या.

खिडक्यांच्या बाबतीत एक गोष्ट फार कामाची आहे. खिडकी रुंद करायची तर लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी पट्टी, बदलावं लागतं. नव्या लिंटेलला दोन्ही बाजूंना किमान ६ इंच टेकू हवा, आणि काम होईपर्यंत वरची भिंत आधारावर पेलून धरावी लागते. पण खिडकीची रुंदी तीच ठेवून फक्त खालची भिंत फोडली, ३ फुटांवरची सिल (खिडकीची खालची कड) दीड फुटावर आणली, तर लिंटेलला हातही लागत नाही. बसक्या खिडक्या उभ्या झाल्या की दर्शनी भिंत एकदम उंच वाटते. वरच्या मजल्यावर हे केलंत तर ग्रिल किंवा जाड लॅमिनेटेड काच हवीच, लहान मुलं असोत वा नसोत.

बाल्कनीला हात लावताना जपून. पुढे झुललेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. जुनी फरशी उखडताना ब्रेकर जोरात चालवला तर नेमकी तीच दुखावते. वजनाचाही विचार करा. अर्ध्या विटेचा ३ फुटी कठडा दोन्हीकडच्या गिलाव्यासकट फुटाला ७० किलोच्या घरात जातो. तो काढून लोखंडी रेलिंग लावलं तर स्लॅबवरचा भार उतरतो. रेलिंगच्या जागी कठडा बांधला तर तेवढाच भार चढतो, आणि स्लॅबच्या टोकावरच. टाकीचंही तसंच. १००० लिटर म्हणजे एक टन पाणी. ती दिसू नये म्हणून सरकवायची असेल तर खांबांच्या वरच, स्लॅबच्या मध्यावर किंवा बाल्कनीकडे कधीच नाही.

आता छज्ज्याखाली उभं राहून वर बघा. घर घेण्याआधी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंच-दीड इंच आत एक बारीक खाच असायला हवी. पावसाचं पाणी कड ओलांडून खालून आत सरकतं ते या खाचेशी अडतं आणि थेंब होऊन पडतं. खाच नसेल, किंवा रंगाच्या थरांनी बुजली असेल, तर पाणी खालच्या अंगाने भिंतीपर्यंत पोचतं. वर्षानुवर्षं असं झालं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुगतं. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग येते, मग तपकिरी डाग, मग पोपडा सुटून सळई उघडी. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे लवकर घडतं. छज्ज्याची दुरुस्ती घराच्या किमतीतून वजा करता येते. पण तशीच उभी भेग खांबाच्या कडेने लांबवर गेलेली दिसली तर एलेव्हेशनचा, म्हणजे दर्शनी रूपाचा, विचार बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणा.

बाकी भेगा एवढ्या भयंकर नसतात. बीम आणि विटेच्या सांध्यावरची आडवी भेग गिलाव्याखाली कोंबडी जाळी न घातल्याने येते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मात्र आतूनही दिसते का ते बघा. दिसली तर पायाची चौकशी करा. भिंतीवर नाण्याने ठोकत चला, आवाज पोकळ आला की तिथे खडूने खूण करा. निम्म्याहून जास्त भिंत पोकळ वाजली तर ठिगळं लावू नका, सगळा गिलावा काढायचा खर्च धरा.

दगडी क्लॅडिंगचा, म्हणजे भिंतीवर दगडाच्या लाद्या लावायचा, मोह आवरा. २० मिलिमीटरचा दगड चौरस मीटरला ५० किलोपेक्षा जास्त भरतो. जुन्या गिलाव्यावर नुसत्या केमिकलने चिकटवला तर दगड गिलाव्यासकट खाली येतो. गिलावा काढून विटेवर बसवा, आणि लिंटेलच्या वर जायचं असेल तर पिना किंवा क्लॅम्प लावा. खरं तर दारालगतचा एक पट्टा पुरेसा असतो.

खर्चासाठी मापं धरू. दर्शनी भिंत ३० फूट रुंद, कठड्यासकट २५ फूट उंच, म्हणजे ७५० चौरस फूट. खिडक्या-दारं वजा आणि छज्ज्यांच्या बाजू अधिक करून ७००. नवा सँडफेस (वाळूचा खरबरीत पोत असलेला) गिलावा दोन थरांत, एकूण २० मिलिमीटर, त्याला १०० चौरस फुटांमागे दोन गोणी सिमेंट आणि नऊ-दहा घनफूट वाळू. सात दिवस पाणी मारायचं आणि रंगासाठी चार आठवडे थांबायचं. घाई केली तर ओल्या गिलाव्यातले क्षार रंग ढकलून पांढरे फुटतात. दोन हातांच्या रंगाला लिटरमागे ४५ चौरस फूट धरले तर १६ लिटर लागेल. खरबरीत भिंत जास्त पिते, म्हणून २० लिटरची बादली धरा. परांचीचं भाडं वेगळं लिहा, ते हमखास विसरतं. सांडपाण्याचे पाइप आणि एसीचे बाहेरचे युनिट बाजूच्या भिंतीवर न्यायचा खर्चही इथेच मांडा. कितीही छान रंग दिला तरी मधोमध उतरलेला पाइप सगळं रूप घालवतो.

मालकाकडून मंजूर नकाशा मागा आणि समोरच्या फोटोशी ताडून बघा. बंद केलेली बाल्कनी, गच्चीवरची पत्र्याची शेड, पुढे वाढवलेला पोर्च नकाशात नसेल तर तुमच्या ट्रेसिंगवरूनही तो खोडा. सामासिक अंतरातलं, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेतलं, जादा बांधकाम पुढे तुमच्याच गळ्यात येतं. रो-हाऊस असेल तर सोसायटीची ना-हरकत लेखी हवी, शेजाऱ्याने आधी बदल केलेला असला तरी.

शेवटी मालकाला एकच विनंती करा: छज्ज्याच्या खाली, जिथे डाग आहे तिथे, फूटभर गिलावा खरवडून बघू द्या, भरून देण्याचा खर्च आमचा. सळई करडी आणि घट्ट दिसली तर तेवढ्याच छज्ज्याची दुरुस्ती धरा. सळईवरून गंजाचे थर सुटत असले, किंवा मालकाने खरवडूच दिलं नाही, तर सगळे छज्जे नव्याने करायचे असं समजून आकडा लिहा आणि तो घेऊनच भावाच्या बोलणीला बसा.