बारावी स्टिक

आमच्याकडे कपडे वाळत घालायची काठी नाही, हॉकी स्टिक आहे. गॅलरीत छताजवळ बांधलेल्या दोऱ्यांवर चादर चढवायची तर तिच्यासारखं अवजार नाही. काठीवरून चादर घसरते, हिच्या वाकड्या टोकात ती मुकाट बसते. लग्न होऊन गोरेगावला आले तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे संशयानेच पाहिलं होतं. पहिल्या पावसाळ्यात त्यांचा संशय फिटला, आणि 'अगं, हाकी कुठाय?' हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न झाला. तुतीचं लाकूड, वाफ देऊन वाकवलेलं टोक. ग्रिपचं रेक्झिन कधीच गेलं, तिथे आता नायलॉनची दोरी गुंडाळली आहे. सपाट बाजूवरचे टिचके मात्र अजून बोटाला लागतात.

गेल्या महिन्यात कॉलेजातून फोन आला. अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघते आहे. "मॅडम, तुम्ही आपल्या गर्ल्स हॉकी टीममध्ये होता ना? हिस्टरी हवी होती. दोन पानं. फोटो असतील तर फोटो."

हिस्टरी! तीन वर्षांत आम्ही पाच सामने जिंकलो असू. त्यातला एक समोरचा संघ आलाच नाही म्हणून.

तरी गेले. जिमखान्याच्या खोलीला अजून कॅरमच्या पावडरीचा वास येतो. कपांच्या कपाटात क्रिकेट, कबड्डी, बुद्धिबळ. जुने वार्षिक अंक चाळले. मुलांच्या संघाखाली 'डावीकडून उभे' अशी शिपायासकट सगळ्यांची नावं. आमचा फोटो एकाच अंकात, त्याखाली फक्त 'हॉकी, विद्यार्थिनी'. मी त्यात डावीकडून दुसरी आहे, पण हे मला सांगावं लागतं, कारण डोळे मिटलेले आहेत.

माझी पडलेली मान बघून जिमखान्याचे मामा म्हणाले, "बाई, डेडस्टॉक रजिस्टर बघा की. त्यात सगळं असतं."

आणि खरंच होतं. तारीख, वस्तू, नग, किंमत, शेरा. या पाच रकान्यांत आमचा अख्खा क्लब बसला होता. साठच्या दशकातल्या एका पानावर पहिल्यांदा 'हॉकी स्टिक (मुली)' अशी नोंद दिसते, नग फक्त 6. म्हणजे तेव्हा संघ नव्हता, हौस होती. पुढे 8, मग 12. अकराजणी आणि एक जादा, म्हणजे कुणीतरी ठरवून संघ उभा केला. कोणी, ते लिहिलेलं नाही. गोलकीपरचे पॅड मात्र 'मुली' या कंसात शेवटपर्यंत आलेच नाहीत. ते मुलांचे. आमचा सामना त्यांच्या सामन्याच्या दिवशी आला की पॅड त्यांच्याबरोबर जात. मी गोलकीपर. दोन सामने मी क्रिकेटचे पॅड बांधून खेळले आहे, आणि त्यातल्या एकाची खूण डाव्या पावलावर अजून आहे. हॉकीच्या पॅडला पावलावर झडप असते, क्रिकेटच्याला नसते, हे ज्ञान मला फटका बसल्यावर झालं.

रजिस्टर वाचता वाचता जुनं वाचलेलं आठवलं. बायकांचा पहिला हॉकी क्लब म्हणून इंग्लंडातल्या मोलेसीचं नाव घेतात, साल 1887. मग ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलींच्या कॉलेजांत हॉकी शिरली. घोळदार झगे घालून पोरी पळायच्या, चेंडू झग्यात अडकायचा, म्हणून झगा जमिनीपासून किती वर असावा याचेही नियम झाले. 1895 मध्ये बायकांनी आपली संघटना काढली आणि पुरुषांच्या असोसिएशनकडे संलग्नतेसाठी अर्ज केला. उत्तर आलं की आमची संस्था पुरुषांच्या क्लबांसाठी आहे. तेव्हा बायकांनी ठरवलं, मग आमच्याही कारभारात पुरुष नकोत. पॅडसाठी तीन वर्षं मुलांच्या कॅप्टनपुढे उभी राहिलेली मी, मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

गंमत अशी की या पोरींना मैदान मिळालं तरी पदवी नव्हती. परीक्षा द्यायच्या, पण पदवी नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या दिल्या 1920 मध्ये आणि केंब्रिजने तर थेट 1948 मध्ये. आपल्याकडे उलटं झालं. कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाची बी.ए. होऊन 1889 मध्ये ऑक्सफर्डला गेल्या, तिथली कायद्याची परीक्षा 1892 मध्ये पास झाल्या आणि त्या परीक्षेची पदवी हातात पडायला 1922 उजाडलं. तिकडे आधी स्टिक, मग पदवी. इकडे आधी पदवी, आणि स्टिक पुढे कधीतरी, सहा नग.

मुंबईत हॉकीची पेठ म्हणजे वांद्रे. गोवन आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत भाऊ खेळायचा, मामा खेळायचा, मावशीही खेळलेली असायची. त्या मुलींचा हात स्टिकवर जन्मापासून बसलेला. आम्ही दादर-गिरगावच्या, खो-खोतून पकडून आणलेल्या. पळायला नंबर एक, हुलकावणी द्यायला नंबर एक, फक्त चेंडू मागे राहायचा. डावखुऱ्या मुलींची आणखी पंचाईत. हॉकीत डावरी स्टिक नसतेच, चेंडू सपाट बाजूनेच मारायचा आणि ती बाजू एकच. आमची एक डावखुरी फुलबॅक पहिलं वर्षभर स्टिकशी भांडतच खेळली. पुढे तिच्याइतकं खणखणीत क्लिअर करणारी कुणी नव्हती.

सामने बहुतेक मरीन लाइन्सला, विद्यापीठाच्या मैदानावर. चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात अकरा स्टिका घेऊन चढलं की आपोआप जागा व्हायची. बायका आधी घाबरायच्या, मग विचारायच्या, 'नाटक आहे का कॉलेजात?' कोळणींनी मात्र कधी काही विचारलं नाही. त्यांची टोपली आणि आमच्या स्टिका दाराशी शेजारी शेजारी असत, आणि मैदानावर पोचल्यावर आमच्या ग्रिपला सुरमईचा वास येई.

मी कॉलेजात गेले 1980 मध्ये. त्याच वर्षी मॉस्कोत बायकांची हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकला आली. रूपा सैनी कॅप्टन. आपण चौथे आलो. सुवर्ण झिम्बाब्वेने नेलं, आणि त्या झिम्बाब्वेशी आपली 1-1 अशी बरोबरी झाली होती! आम्ही हे वाक्य वर्षभर सांगत फिरलो, जणू तो गोल आम्हीच मारला होता. पुढच्या वर्षी नियम बदलला. सामना सुरू करायची 'बुली' गेली. दोघी समोरासमोर, स्टिक जमिनीला, मग एकमेकींच्या स्टिकला, असं तीनदा, आणि मग झोंबाझोंबी. टक-टक, टक-टक, टक-टक. गोलात एकटी उभी असले तरी त्या आवाजाने माझ्या पोटात गोळा यायचा. त्या जागी साधा पास आला. सोयीचाच, पण मला तो आजही पटलेला नाही.

मग 1982 चं दिल्ली एशियाड. बायकांची हॉकी तिथेही पहिल्यांदाच. आपल्या पुण्याच्या एलिझा नेल्सन कॅप्टन, आणि आपल्याला सुवर्ण. पण त्याच एशियाडमध्ये पुरुषांची फायनल आपण पाकिस्तानकडून 7-1 अशी हरलो. आजही कुणाला '82 चं एशियाड' म्हणून बघा, सात गोल पाठ असतात. सुवर्णपदक सांगितलं की 'हो का?' येतं. कॉलेजातही दुसऱ्या दिवशी सगळे मलाच सांत्वनाचं बोलत होते, कारण मी हॉकी खेळते. मी म्हणत होते, अहो, आपण जिंकलोय! गोलकीपर म्हणून त्या सात गोलांचं मला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण सुवर्ण ते सुवर्ण.

रजिस्टरात पुढे पानं विरळ होत जातात. 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम टर्फवर गेली, आणि ते वारं आपल्यापर्यंत पोचल्यावर मातीतली हॉकी मागे पडली. चर्चगेटला मुंबईच्या हॉकी असोसिएशनच्या मैदानावर टर्फ आलं, पण एका शहराच्या कॉलेजांनी एका टर्फवर सराव करायचा कधी? त्यावर पाणी मारावं लागतं, बूट वेगळे, स्टिका महाग. कॉलेज कशाला त्या भानगडीत पडेल? 2021 मध्ये टोकियोत आपल्या मुली पुन्हा चौथ्या आल्या तेव्हा मी टीव्हीसमोर रडले. तोवर आमच्या कॉलेजात मुलींची हॉकी नव्हतीच.

शेवटची नोंद मामांनी बोट ठेवून दाखवली. 'हॉकी स्टिक (मुली), नग 11, मोडक्या, निर्लेखित.' म्हणजे हिशेबातून काढून टाकलेल्या. आणि खाली वेगळ्या शाईत: 'नग 1, शोध लागत नाही. ऑडिट आक्षेप.'

मामा माझ्याकडे बघत होते. मी कपाटातल्या कपांकडे बघत होते.

"मामा, ती माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "शेवटच्या सामन्यानंतर घरी नेली, ती राहिली."

"राहू द्या हो. कोण विचारतंय आता?"

पण मला राहू देववेना. ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलाला आधी वाटलं मी देणगी द्यायला आले आहे. रजिस्टरातली किंमत 22 रुपये. व्याज लावणार का विचारलं, तर तो हसला. मग कॉम्प्युटरवर खूप वेळ काहीतरी शोधत बसला.

"मॅडम, हेडमध्ये हॉकी येतच नाहीये. क्रिकेट आहे, कॅरम आहे, जिम आहे. 'संकीर्ण'मध्ये टाकू?"

"टाका. पण खाली पेनने लिहून द्या."

त्याने पावती फाडली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं, 'हॉकी स्टिक, मुली, नग 1'. शिक्का मारला. तो नेमका 'मुली'वर बसला, पण वाचता येतं. त्या पावतीचा फोटो काढून मी स्मरणिकेला पाठवला आहे.