बरडावरच्या लाटा बसल्या

राजेहो, बरडावरच्या, म्हणजे हलक्या मुरमाड रानातल्या, उंचसखल लाटा अखेर बसल्या! मागच्या वेळी ज्या लेव्हलरबद्दल, म्हणजे ट्रॅक्टरमागं लावायच्या सपाटीकरणाच्या पात्याबद्दल लिहिलं होतं, तो आता गोठ्यामागे उभा करून ठेवलाय.

सगळी भानगड ट्रॅक्टरच्या लांबीत होती. आपल्या 24 एचपीच्या पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम पाच फुटांचं अंतर. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागचं पातं जमिनीत घुसतं, उतरली की पातं हवेत. म्हणजे दर फेरीला जुना उंचवटा तसाच राहतो आणि शेजारी नवा खड्डा पडतो. पोझिशन कंट्रोल (पात्याची उंची ठरवणारा दांडा) पातं ट्रॅक्टरच्या हिशोबानं धरतो, जमिनीच्या नाही. दांडा कितीही हलवा, हात पुरत नाही. त्यात वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडचा हा काळा दगड कांद्यासारखे पापुद्रे सोडत झिजतो. वर वीतभर दिसणारा गोटा खाली चांगला हातभर निघतो.

आता भंगारातल्या लोखंडी चॅनलची आठ फूट लांब चौकट केली. आत तीन आडव्या पट्ट्या, शेवटची तिरपी. थ्री-पॉइंटवर (ट्रॅक्टरमागच्या अवजार उचलायच्या तीन दांड्यांवर) उचलायचीच नाही, साखळीनं ओढायची. चौकट दोन उंचवट्यांवर टेकते, त्यांचे माथे खरवडते आणि मधला खड्डा भरत जाते. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! साखळी मात्र खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढायच्या पट्टीलाच बांधा. टॉप लिंकच्या (तिन्हींतल्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधली आणि चौकट गोट्याला अडली, तर ट्रॅक्टर मागं उलटतो. जीव जातो त्यात.

वेळ वाफशाचीच, जमीन ना ओली ना कोरडी असते तेव्हाची. उन्हाळ्यात मुरूम हलत नाही, झडीत चाकं घसरतात. आधी पंजी (ट्रॅक्टरचा कल्टिव्हेटर) घाला, तीही स्प्रिंगवालीच. रिजिड, म्हणजे बिनस्प्रिंगची, स्वस्त पडते म्हणून दुकानदार तीच पुढे करतात, पण गोट्यात तिचे फण वाकतात.

बेत सगळं बरड एकसारखं करायचा होता, पण हे लिहितानाच मन बदलतंय. पवन्या गवताचे जुने ठोंब दाट आहेत तिथं माती बोटभर. ती खरवडली तर कुसळी हे टोचऱ्या कुसळांचं गवत माजेल. गवळाऊ गाई उंचसखल जागेत मजेत चरतात. सपाट जमीन लागते ती गवत कापायच्या यंत्राला. तेव्हा धुऱ्यालगतचा (बांधालगतचा) सखल पट्टाच पुरा करतो, तिथं मारवेल या चाऱ्याच्या गवताचे ठोंब लावतो. निघालेले गोटे उताराला आडवे रचले की वाहून जाणारी मातीही अडेल.

मधला मोठा गोटा सब्बलीनं (पहारीनं) हलला नाही. पाचरी ठोकून फोडणार होतो, पण पट्टा त्याला वळसा घालून आखता येतो. तिरपी पट्टी सध्या 30 अंशांवर आहे. कोणी वेगळा कोन ठेवला असेल तर माती बाजूला किती सरकते ते सांगा.