तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिएशनची भीती नाही वाटत?

मी केमिकल सेफ्टी शिकवतो, त्यात अणुइंधनाचे प्लांटही येतात, एवढं कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न ठरलेला. वाटते ना. पण जिथे युरेनियमवर प्रक्रिया करून इंधन बनवतात तिथे मला त्याहून जास्त धाक एचएफचा, म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा. रिॲक्टरमध्ये न गेलेल्या युरेनियमचं रेडिएशन तसं कमीच असतं, धूळ पोटात-फुप्फुसात जाऊ दिली नाही की बरंचसं निभावतं. एचएफचं तसं नाही. पातळ ॲसिड हातावर पडलं तर लगेच चुरचुरतही नाही, माणूस काम करत राहतो आणि काही तासांनी आत हाडापर्यंत ठणका लागतो, कारण ते शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं. म्हणून भरपूर पाण्याने धुवायचं आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली चोळत राहायची, दवाखान्यात पोचेपर्यंत. ही ट्यूब कपाटात कुलपात ठेवणाऱ्यांशी माझं कायम वाजतं.

आता अमेरिकेतल्या ओक्लाहोमात गोर नावाचं गाव आहे, तिथल्या सिकोया फ्युएल्सच्या प्लांटमध्ये ४ जानेवारी १९८६ला काय झालं बघा. युरेनियम हेक्साफ्लोराइड, म्हणजे युरेनियम आणि फ्लोरिनचं संयुग, सिलिंडरमध्ये भरत होते, आणि सिलिंडरची गाडी वजनकाट्यावर पूर्ण चढलेलीच नव्हती. एक चाक बाहेर! काटा कमी दाखवतोय म्हणून भरत गेले, मर्यादा साडेबारा टनांची, माल गेला त्याच्यावर. मग जास्तीचा काढायला सिलिंडर वाफेवर तापवला, जे करायचं नाही असं कंपनीच्याच नियमांत होतं. हा पदार्थ थंड असताना घट्ट असतो आणि ६४ अंशांना वितळताना जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने फुगतो, आणि आत फुगायला जागाच उरलेली नव्हती. सिलिंडर फाटला. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडताक्षणी एचएफ तयार झालं, पांढरा धूर सगळीकडे. एक तरुण कामगार काही तासांत गेला, एचएफ छातीत गेल्यामुळे. रेडिएशनने नव्हे. बाकीच्यांच्या मूत्रपिंडांची काळजी होती ती युरेनियममुळे, पण तीसुद्धा शिशासारख्या जड धातूच्या विषाचीच काळजी.

रिॲक्टरमधून निघालेलं वापरलेलं इंधन विरघळवून त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम परत काढतात तिथे नायट्रिक ॲसिड आणि टीबीपी (ट्रायब्युटिल फॉस्फेट) नावाचं सॉल्व्हंट, हे दोन एकत्र तापले की संपलं. सायबेरियात तोम्स्क-७च्या अशाच प्लांटमध्ये ६ एप्रिल १९९३ला टाकीत ॲसिड घातलं पण हवा सोडून नीट ढवळलं नाही, टाकी फुटली, इमारतीची भिंत गेली आणि युरेनियम-प्लुटोनियम बाहेर जंगलापर्यंत पसरलं. म्हणजे रेडिएशन बाहेर आलं तेही केमिस्ट्रीने दार उघडून दिल्यावर.

गोरनंतर अमेरिकेत वाद झाला की अणू प्लांटमधला एचएफसारखा विषारी गॅस नक्की कोणाच्या खात्यात, अणू नियामकाच्या की कामगार सुरक्षेच्या. १९८८मध्ये दोघांनी करार करून वाटणी केली. इंधन प्लांटच्या सुरक्षा विश्लेषणात रासायनिक धोके मोजायलाच हवेत हा नियम आला २०००मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, आणि तो वेळ कशात गेला ते कोणी मला अजून पटेल असं सांगितलेलं नाही.